एप्रिलचा बर्फ

1. थंडी सरली, मग भीती कसली?

मार्च उजाडला की पुण्या-मुंबईतल्या ट्रेकिंग संस्थांकडे हिमालयाच्या चौकश्या सुरू होतात. दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपत आलेल्या असतात. कुणी मनालीकडचा ट्रेक बघत असतं, कुणी उत्तराखंडातला, तर कुणाला सिक्कीमला जाऊन नुसतं बर्फात उभं राहून यायचं असतं. या सगळ्यांचा एक प्रश्न मात्र सारखाच असतो. थंडी संपली, बर्फ वितळायला लागला, मग आता हिमस्खलनाची भीती नाही ना?

प्रश्न वाजवी आहे. बर्फ कमी तर धोका कमी, हा हिशेब कुणालाही पटावा असा आहे. त्यात एप्रिलमधली हिमालयातली हवा माणसाला गाफील करण्यात पटाईत असते. आभाळ निळंशार, वारा पडलेला आणि ऊन इतकं की जॅकेट काढून कमरेला बांधावं.

4 एप्रिल 2023 रोजी गंगटोकहून नाथू ला खिंडीकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर, पंधराव्या मैलाच्या परिसरात काही पर्यटक बर्फात उतरले होते. त्या दिवशी परवाने तेराव्या मैलापर्यंतच दिले जात होते. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास वरच्या उतारावरून बर्फाचा लोट आला आणि त्यात सात जणांचा जीव गेला. वीसहून अधिक जणांना बाहेर काढता आलं. ही माणसं कुठलं शिखर चढत नव्हती. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होती.

महिना एप्रिल आणि वेळ भरदुपारची. या प्रकरणात या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येणार आहेत.

वरच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं, की थंडीबरोबर भीती जात नाही, तिचा स्वभाव बदलतो. थंडीतलं हिमस्खलन मुख्यतः वजनामुळे होतं, वसंतातलं पाण्यामुळे. पाणी उन्हाच्या कलाने चालतं, म्हणून वसंतातला धोका तासातासाला बदलतो. सकाळी सहाला ज्या उतारावरून बिनघोर चालत जाता येतं, तोच उतार दुपारी एकला अंगावर येऊ शकतो. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी बर्फाच्या पोटात शिरावं लागेल.

2. पांढऱ्या उताराच्या पोटात

दुरून पाहिलं तर बर्फाचा उतार एकजिनसी वाटतो. फावड्याने मीटरभर खोल खड्डा खणून त्याची उभी भिंत बोटांनी चाचपली, की खरा प्रकार कळतो. एका ठिकाणी मूठ सहज आत जाते, चार बोटं खाली नखही उमटत नाही, त्याखाली पुन्हा भुसभुशीत.

पश्चिम हिमालयात थंडीतला बहुतेक बर्फ पश्चिमी विक्षोभ घेऊन येतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणारी ही वादळी हवेची क्षेत्रं. प्रत्येक विक्षोभ एक थर टाकून जातो. मधल्या कोरड्या दिवसांत वारा त्या थराला दाबतो, ऊन त्यावर पापुद्रा धरतं आणि मग पुढचा थर येऊन बसतो. मार्चअखेरीस डोंगरावर जो दोन-तीन मीटर बर्फ दिसतो, तो असा थराथराने साठलेला असतो. दोन थर एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, यावर पुढचं सगळं अवलंबून.

यातल्या तळाच्या थराकडे जरा नीट बघायला हवं. जमिनीत ऊब असते, त्यामुळे बर्फाच्या तळाशी तापमान थंडीभर शून्याच्या आसपास राहतं. वरचा पृष्ठभाग मात्र कडाक्याच्या रात्री उणे 15-20 अंशांपर्यंत जातो. या फरकामुळे खालची वाफ दाण्यांमधल्या फटींतून वर सरकते आणि वाटेत दुसऱ्या दाण्यांवर गोठते. जुने गोल दाणे झिजतात आणि त्यांच्या जागी मोठे, कडा असलेले, सुटे दाणे तयार होतात. असा बर्फ मुठीत घेतला तर त्याचा गोळा होत नाही, तो बोटांच्या फटींतून गळून जातो.

हे कधी घडतं, याचा एक सोपा अंदाज आहे. दर 10 सेंटिमीटर खोलीला तापमान एका अंशाहून जास्त बदलत असेल, तर सुटे दाणे बनू लागतात. समजा, डिसेंबरात एक मीटर बर्फ आहे, वर उणे 15 आणि तळाशी शून्य. म्हणजे 100 सेंटिमीटरमध्ये 15 अंशांचा फरक, दर 10 सेंटिमीटरला दीड अंश. थर बिघडणार. तोच बर्फ फेब्रुवारीत दोन मीटर झाला आणि वर उणे 10 असेल, तर दर 10 सेंटिमीटरला अर्धाच अंश. आता दाणे पुन्हा गोल होऊन एकमेकांना धरू लागतात. म्हणून मोसमाच्या सुरुवातीला पडलेला थोडा बर्फ आणि त्यावर लांबलेली कोरडी थंडी हे मिश्रण वाईट. त्या दिवसांत तळाशी तयार झालेला कच्चा थर महिनोन्‌महिने टिकतो.

भर थंडीत अशा थरावर नव्या बर्फाचं ओझं पडलं की वरची अख्खी लादी तडकून निसटते. ज्या उतारांवर ती निसटली नाही, तिथे हा कच्चा थर मार्चपर्यंत तसाच दबून राहतो.

3. शून्याला टेकलेला बर्फ

दिवस मोठा होऊ लागला की उन्हाचं पहिलं काम म्हणजे बर्फाच्या अंगातली थंडी घालवणं. हे काम वाटतं त्यापेक्षा फार लवकर उरकतं. एक किलो बर्फ उणे 10 अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे 21 किलोज्यूल उष्णता पुरते. तोच शून्य अंशाचा किलोभर बर्फ वितळवून पाणी करायचं म्हटलं, तर 334 किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळजवळ सोळापट.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे बर्फ वितळून संपायला आठवडे लागले, तरी तो आतून शून्याला टेकायला चार-सहा उबदार दिवसही पुरे होतात. दुसरी गोष्ट लवकर लक्षात येत नाही. वर वितळलेलं पाणी झिरपत खालच्या थंड थरात पोहोचलं की तिथे गोठतं आणि गोठताना तेच 334 किलोज्यूल तिथे सोडून देतं. त्यामुळे उन्हापेक्षा झिरपणारं पाणीच खालच्या थरांना झपाट्याने तापवतं. वरपासून तळापर्यंत सगळा बर्फ शून्य अंशावर आला, की पुढे मिळणारी प्रत्येक ऊब थेट पाणी बनवण्यात खर्च होते.

ऊब किती मिळते, हे बर्फाच्या रंगावरही ठरतं. ताजा बर्फ आपल्यावर पडलेलं 80 ते 90 टक्के ऊन परत फेकतो. जुना, ओलावलेला बर्फ त्याहून बराच कमी, आणि त्यावर वसंतातल्या धुळीच्या वादळांनी आणलेला पिवळट थर बसला असेल तर आणखी कमी. मळकट दिसणारा बर्फ हा नुसता जुना बर्फ नसतो, तो जास्त तापणारा बर्फ असतो.

4. गोळेवाल्याचं शास्त्र

पाणी आलं की बर्फ लगेच सुटतो, असंही नाही. चौपाटीवरचा गोळेवाला बघावा. खिसलेला बर्फ मुठीत दाबून तो काडीवर बसवतो, तेव्हा बर्फाला जरा ओल असते म्हणूनच गोळा धरतो. ग्राहक हौसेने म्हणतो, ‘‘भैया, काला खट्टा और डालो.’’ एका मर्यादेपर्यंत गोळा ते पितो. त्यापुढे आणखी सरबत पडलं की अख्खा गोळा काडीवरून घसरून हातात येतो. डोंगरावर हेच घडतं.

थोडं पाणी दाण्यांच्या सांध्यांत अडकतं आणि पृष्ठताणामुळे दाणे एकमेकांकडे ओढले जातात. पाणी वाढलं की मधल्या फटी भरतात, ती ओढ संपते आणि दाण्यांना जोडणारे बर्फाचे बारीक सांधेही वितळतात. बर्फाच्या अभ्यासकांनी यासाठी पायऱ्या ठरवल्या आहेत. आकारमानाच्या 3 टक्क्यांपर्यंत पाणी असेल तर बर्फ दमट, 3 ते 8 टक्के असेल तर ओला, 8 ते 15 टक्के असेल तर फार ओला, आणि त्यापुढे नुसता चिखल.

ही टक्केवारी मोजायला यंत्र असतंच असं नाही. हातमोजा घालून मूठभर बर्फ दाबायचा. गोळा झाला पण पाणी दिसत नाही, तर तो दमट. दाण्यांमध्ये भिंगातून पाणी दिसतं, पण दाबून निघत नाही, तर ओला. बेताने दाबल्यावर पाणी गळलं की समजायचं, इथे उशीर झाला आहे. ही परीक्षा नुसती वरच्या दोन बोटांच्या थरावर करून चालत नाही, कोपरभर खोलीवरचा बर्फही बघावा लागतो.

खोलीचा मुद्दा महत्त्वाचा, कारण पाणी सरळ तळाला जात नाही. एखादा टणक पापुद्रा आडवा आला की ते त्यावर थांबतं आणि उताराच्या दिशेने पसरतं. किंवा थेट आधी सांगितलेल्या तळाच्या सुट्या दाण्यांच्या थरापर्यंत पोहोचतं. जो कच्चा थर थंडीभर कोरडा असल्यामुळे कसाबसा तग धरून होता, त्याला पहिल्यांदाच पाणी लागतं. मोसमातल्या पहिल्या खऱ्या उकाड्याचे दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट का, याचं कारण हेच.

हा काळ निभावून गेलेला उतार मात्र हळूहळू सुधारतो. आठवडाभर दिवसा वितळून रात्री गोठला, की सगळे थर एकमेकांत मिसळून जातात, दाणे भरड आणि गोल होतात, पाणी त्यांच्यातून सरळ खाली निघून जातं. स्की करणारे ज्याला ‘कॉर्न’ म्हणतात आणि ज्याच्यासाठी जीव टाकतात, तो हाच बर्फ.

5. सगळा खेळ आदल्या रात्रीचा

आता मुख्य गोष्ट. वसंतात एखादा उतार सकाळी कसा असेल, हे सकाळच्या हवेपेक्षा आदल्या रात्रीच्या आभाळावर ठरतं.

बर्फ दिवसरात्र अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असतो. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ती उष्णता सरळ वर निघून जाते. अशा रात्री हवेचं तापमान शून्याच्या वर दोन-तीन अंश असलं, तरी बर्फाचा पृष्ठभाग गोठतो. ढग असतील तर ते तीच उष्णता खाली परत पाठवतात. मग हवा तेवढीच थंड असूनही बर्फ ओलाच राहतो.

दोन रात्री शेजारी ठेवून बघू. पहिल्या रात्री तंबूतून डोकं बाहेर काढलं तर तारे खच्चून भरलेले. पहाटे चारला बर्फावर बूट आपटला तर ठण्‌ वाजतो, खूणही उमटत नाही. वरचा वीत-दीड वीत थर गोठून त्याचं कवच झालेलं असतं आणि खालचा ओला बर्फ त्याखाली बांधला गेलेला असतो. ऊन लागल्यावर हे कवच वितळायला काही तास घेतं. तेवढे तास आपले. दुसऱ्या रात्री ढग. तंबूत त्या रात्री ऊब वाटते, झोपही छान लागते. पहाटे चारलाच बूट घोट्यापर्यंत आत जातो. म्हणजे दुपारी तीनला बर्फ जिथे होता, तिथूनच नवा दिवस सुरू होणार. काल अकरापर्यंत सुरक्षित असलेला उतार आज आठला धोक्यात येऊ शकतो. खरं तर आज निघायचंच कशाला, हा प्रश्न अशा पहाटे विचारायचा असतो.

बूट हे यातलं सगळ्यात स्वस्त उपकरण. पाऊल वरच राहतंय तोवर ठीक. घोटा बुडाला की परतीचा विचार सुरू करायचा. पोटरीपर्यंत पाय जाऊ लागले की उभ्या उतारांवर आणि त्यांच्या खाली थांबायचं नाही. गुडघ्यापर्यंत रुतू लागलं तर आधीच फार वेळ झालेला आहे.

पाऊस पडला तर हा सगळा हिशेब रद्द. पावसाचं पाणी वितळण्याची वाट बघत नाही, ते थेट आत शिरतं, आणि पावसाच्या रात्री आभाळही झाकलेलंच असतं.

6. 32 अंशांचा योगायोग

हिमस्खलन होण्याजोगा उतार साधारण 30 ते 45 अंशांचा. त्याहून कमी उतारावर बर्फ सहसा निसटत नाही, त्याहून फार उभ्यावर तो साठतच नाही, पडतापडताच घरंगळून जातो.

आता 21 मार्चच्या सुमारास मनालीच्या आभाळात सूर्य कुठे असतो ते पाहू. मनाली सुमारे 32 उत्तर अक्षांशावर आहे. त्या दिवशी माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून 58 अंश वर असतो. म्हणजे दक्षिणेकडे तोंड केलेल्या 32 अंशांच्या उतारावर त्याचे किरण बरोबर काटकोनात पडतात. जो उतार निसटण्यासारखा, त्यालाच ऊन सगळ्यात सरळ लागतं. 46 अक्षांशावरच्या आल्प्समध्ये त्याच दिवशी सूर्य 44 अंशांवरच असतो. म्हणून युरोपातल्या पुस्तकांत जे वसंताचे नियम म्हणून दिलेले असतात, ते हिमालयाच्या दक्षिण उतारांना फेब्रुवारीतही लागू होऊ शकतात.

उन्हाची फेरी सगळ्यांना माहीत आहे. पूर्वेकडचे उतार सकाळी लवकर तापतात, दक्षिणेकडचे माध्यान्हीच्या आसपास, पश्चिमेकडचे दुपारनंतर. म्हणूनच उतार ज्या क्रमाने तापतात त्याच क्रमाने, पण नेहमी एक पाऊल आधी, ते ओलांडायचे असतात. उत्तर उतारांना एप्रिलमध्येही ऊन तिरपं आणि कमी मिळतं आणि तिथे अजून थंडीतलेच नियम चालतात. कोरडा बर्फ, जुने कच्चे थर. त्यांची पाळी मे-जूनमध्ये येते. वसंतभर धोका असा दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि खालून वर सरकत राहतो.

यात एक खास भारतीय अडचण आहे, आणि ती परदेशी मार्गदर्शक पुस्तकांत सापडणार नाही. आपल्या सगळ्या देशाला घड्याळ एकच. गुलमर्ग साधारण 74 रेखांशावर आहे आणि नाथू ला जवळजवळ 89 वर. त्यामुळे नाथू लाला सूर्य गुलमर्गपेक्षा सुमारे तासभर आधी माथ्यावर येतो. काश्मीरमध्ये शिकलेला ‘अकराच्या आत खाली’ हा नियम सिक्कीममध्ये ‘दहाच्या आत’ असा वाचायला हवा. गंगटोकच्या बाजूला सव्वाबारा वाजतात तेव्हा सूर्य कलायला लागलेला असतो. बर्फाने सकाळपासून भरपूर ऊन खाल्लेलं असतं.

7. ओला बर्फ कसा येतो

वसंतातली हिमस्खलनं साधारण तीन तऱ्हांनी येतात.

सगळ्यात जास्त दिसणारी तऱ्हा म्हणजे एका बिंदूपासून सुरू होणारी. उन्हाने तापलेल्या खडकाच्या कडेला मूठभर बर्फ सुटतो, खाली जाताना शेजारचा ओला बर्फ सोबत घेतो आणि पंख्याच्या आकारात पसरत जातो. सुरुवातीला तो बिचारा वाटतो. माणूस कड्याच्या वर असेल तर मात्र तेवढा धक्काही पुरतो. याची पूर्वसूचना बहुधा मिळते. उतारावरून बर्फाचे छोटे गोळे, खाली येतायेता स्वतःभोवती बर्फ गुंडाळत, आपोआप घरंगळू लागतात. ते दिसले की सहल संपली.

दुसरी तऱ्हा ओल्या लादीची. कच्च्या थराला पाणी लागलं की त्यावरचा मीटर-दीड मीटर जाडीचा पट्टा एकदम सुटतो. हिचा नेमका क्षण सांगणं अनुभवी लोकांनाही जड जातं.

तिसऱ्या तऱ्हेत गवताळ किंवा गुळगुळीत खडकाच्या जमिनीवरून अख्खा बर्फच सरकतो. आधी उतारावर आडवी भेग पडते आणि आतली तपकिरी जमीन दिसते. ती भेग तासाभरात सुटेल की पंधरा दिवसांनी, हे कुणालाच सांगता येत नाही. अशा भेगेच्या खालून जायचं नाही, एवढाच नियम.

हिमनदीचे लटकते कडे यात मोजलेले नाहीत. ते उन्हाचं घड्याळ पाळत नाहीत. 18 एप्रिल 2014 रोजी एव्हरेस्टच्या खुंबू आइसफॉलवर वरचा बर्फाचा कडा कोसळला आणि 16 नेपाळी कामगार मारले गेले, तेव्हा सकाळचे सातही वाजले नव्हते. पहाटे निघण्याचा नियम ओल्या बर्फासाठी आहे, प्रत्येक संकटासाठी नाही.

8. सह्याद्रीत मुरलेले पाय

महाराष्ट्रातल्या ट्रेकरची इथे एक जास्तीची पंचाईत होते, आणि तीही त्याच्या चांगल्या सवयीमुळे. सह्याद्रीत कोकणातून घाटावर चढायचं तर नाळ धरायची, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. दोन कड्यांच्या मधली अरुंद घळ ही तिथे वर जाण्याची हमखास वाट. पावसाळ्यात दगड येतात, पाणी येतं, पण हिवाळ्या-उन्हाळ्यात नाळेसारखी वाट नाही.

एप्रिलच्या हिमालयात त्याच नाळेतून वरचा सगळा बर्फ खाली येतो. चहूबाजूंच्या उतारांवरून सुटलेला थोडा थोडा बर्फ नाळेत एकवटतो. वाटेवर चालणारा स्वतः सपाटीवर असला, तरी त्याच्या हजार फूट वर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. नाळेच्या तोंडाशी मळका, ढेकळांचा, झाडांच्या मोडक्या फांद्या मिसळलेला बर्फ पडलेला असेल, तर ती पूर्वी येऊन गेलेल्या लोटांची खूण. नेमक्या अशाच ठिकाणी थोडी सपाटी असते, पाणी जवळ असतं आणि डबा उघडायचा मोह होतो.

नाळेच्या तळाशी बहुधा ओढा असतो. बर्फ त्यावर पुलासारखा पसरलेला असतो आणि पाणी त्याला खालून पोखरत असतं. पहाटे हा पूल दहा माणसं पेलतो, दुपारी एकाही माणसाला दगा देऊ शकतो. खालून पाण्याचा आवाज स्पष्ट येऊ लागला, तर बर्फ तिथे पातळ झालेला आहे.

उतार किती उभा आहे, याचा नजरेचा अंदाजही बर्फावर चुकतो. फोनमधल्या कोनमापकाने काठी उतारावर ठेवून मोजायला दहा सेकंद लागतात. 30च्या वर आकडा आला की थांबून विचार करायचा.

9. अर्ध्या तासाचा हिशेब

ओला बर्फ कोरड्यापेक्षा हळू येतो. कोरड्या पिठूळ बर्फाचा लोट ताशी 200 किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो, ओला त्यामानाने खूपच सावकाश. यावरून तो सौम्य असेल असं वाटतं, पण वजन पाहावं. नुकत्याच पडलेल्या हलक्या बर्फाचा एक घनमीटर साधारण 100 किलो भरतो. ओल्या हिमस्खलनाच्या ढिगाऱ्याचा एक घनमीटर 500 किलोच्या घरात जातो. माणूस आडवा गाडला गेला, त्याच्या अंगाचं अर्धा चौरस मीटर क्षेत्र वर आहे आणि त्यावर एक मीटर बर्फ आहे असं धरलं, तर त्याच्यावर 250 किलोचं ओझं झालं. लोट थांबताच हा बर्फ आवळून घट्ट होतो. हात हलवणं सोडाच, छाती फुगवून श्वास घेणंही कठीण होतं.

स्वित्झर्लंडमधल्या अनेक दशकांच्या नोंदींवरून असं दिसतं, की पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले दहातले सुमारे नऊ वाचतात. अर्धा तास झाला की हे प्रमाण दहात तीनवर येतं. हेलिकॉप्टर, लष्कर, आपत्ती दल, कुणीही अर्ध्या तासात दुर्गम खोऱ्यात पोहोचू शकत नाही. वाचवणारे असतात ते सोबतचेच लोक, तेही गाडले गेलेले नसतील तर. म्हणून उतार ओलांडताना एकेकाने जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून बघत राहायचं. प्रत्येकाच्या अंगावर 457 किलोहर्ट्‌झवर संदेश देणारा बीकन, पाठपिशवीत बर्फात खुपसून शोधायची लांब सळई आणि धातूचं फावडं. यातलं एक नसेल तर बाकीच्या दोघांचा फारसा उपयोग नाही. स्की करणाऱ्यांकडे हे तिन्ही बहुधा असतं. वसंतातल्या ट्रेकच्या सामानाच्या यादीत मात्र ते क्वचितच दिसतं.

10. सुमना आणि सूचनापत्रक

आतापर्यंतचं वर्णन उन्हाच्या दिवसांचं झालं. पण एप्रिलमध्ये जोरदार हिमवृष्टीही होते, आणि तेव्हा थंडीतलं वजन आणि वसंतातलं पाणी एकत्र येतात.

2021च्या एप्रिलमध्ये उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, भारत-चीन सीमेजवळच्या नीती खोऱ्याच्या बाजूला, काही दिवस सतत पाऊस आणि बर्फ पडत होता. 23 एप्रिलला दुपारी चारच्या सुमारास सुमनाजवळ हिमस्खलन झालं. त्यात सीमा रस्ते संघटनेच्या कामावर असलेल्या मजुरांच्या छावण्या सापडल्या. लष्कराने 384 जणांना वाचवलं, पंधराहून अधिक मजूर मृत्युमुखी पडले. रस्ता खुला करण्याचा मोसम आणि ओल्या हिमस्खलनाचा मोसम एकच असतो. पर्यटकांच्या गाड्या मे महिन्यात बर्फाच्या भिंतींमधून जातात, तो रस्ता आधी कुणीतरी त्याच उतारांखाली राहून खुला केलेला असतो.

हिमाचलातल्या लाहौलच्या जुन्या माणसांना मार्चचं भय वेगळं सांगावं लागत नाही. 1979च्या मार्चमध्ये तिथल्या हिमस्खलनांत दोनशेहून अधिक माणसं गेली. त्याआधी दहा वर्षं, 1969 साली, हिम आणि हिमस्खलनांच्या अभ्यासासाठी मनालीला संरक्षण संशोधन खात्याची संस्था सुरू झाली होती. 2020मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन डीजीआरई ही चंडीगडची संस्था झाली. हिमालयासाठी हिमस्खलनाचे इशारे आता ती देते. या इशाऱ्यांमध्ये जिल्हा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची असते. अमुक जिल्ह्यात इतक्या मीटरच्या वर धोका, असं त्यांचं स्वरूप. स्वित्झर्लंडमध्ये दावोसची संस्था वसंतात याच्या एक पाऊल पुढे जाते. एकाच दिवसाचे दोन नकाशे निघतात, एक सकाळच्या कोरड्या बर्फाचा आणि दुसरा दुपारच्या ओल्या बर्फाचा. एकाच डोंगराला सकाळी एक रंग, दुपारी दुसरा.

आपल्याकडे तो दुसरा नकाशा ज्याचा त्याने मनात काढायचा असतो. म्हणून बुकिंग करताना ‘भीती नाही ना?’ यापेक्षा जास्त नेमके प्रश्न विचारता येतात. खिंड किती वाजता ओलांडणार? छापील पत्रकात ‘आठला नाश्ता, नऊला प्रस्थान’ असेल, तर वाटेवरचा दक्षिण उतार नेमका भरदुपारी लागेल. परतीची वाट कोणत्या बाजूची? सकाळी पूर्वेकडून चढून दुपारी पश्चिमेकडून उतरणारा मार्ग नकाशावर सुरेख दिसतो, पण तो दोन्हीकडे ऊन खाल्लेल्या बर्फातून जाऊ शकतो. आणि रात्र ढगाळ गेली तर काय करता? चांगल्या आयोजकाच्या कार्यक्रमात त्यासाठी एक दिवस मोकळा ठेवलेला असतो. त्याचे पैसे आधीच घेतलेले असतात, त्यावरून मंडळी कुरकुरतातही, आणि तो दिवस तंबूत पत्ते कुटण्यात जातो.